कोव्यांचा सातवा देव

“सात,” मोठाबा म्हणाले आणि पुन्हा भात कालवू लागले.

सुगंधा कोवे नावाच्या मुलीशी मला लग्न करायचं आहे, ती नदीपलीकडच्या आश्रमशाळेत शिकवते, घरची माणसं शेती करतात, मुलगी मोठ्यांचा मान राखणारी आहे, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं होतं. त्यावर मिळालेलं उत्तर एवढंच.

“पण ते लोक स्वतः सहा म्हणतात, मोठाबा.”

“म्हणू दे. नदी उतरताना एखादा सांडला असन.”

“देव सांडतो का कुठं?”

“त्यायले विचार. सांडला त्यायचा.”

हा सात-सहाचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे. आम्ही गोंड. आमचे देव फार पूर्वी एका गुहेत कोंडलेले होते. आमचा आदिपुरुष लिंगो, त्यानं ते सोडवले आणि कुळाकुळांत वाटून दिले, कोणाला चार, कोणाला पाच, कोणाला सहा, कोणाला सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद. त्यांच्यात लग्न म्हणजे बहीण-भावाचं लग्न, तो विषयच नको. ज्यांचे देव वेगळे ते सोयरे, त्यांच्याकडे पोरगी मागायची. आम्ही मडावी सातदेवे. आता कोवे सहादेवे असतील तर सुगंधा माझी बायको होणार होती आणि सातदेवे असतील तर बहीण. मधला रस्ता नव्हता. त्यातून एकाच आडनावाचे देव या खोऱ्यात सहा तर त्या खोऱ्यात चार, असंही आमच्याकडे असतं, त्यामुळे दुसऱ्या गावची साक्ष चालत नाही. आमच्या बेलगुड्यात याबाबतीत एकाच माणसाचा शब्द चाले, तो म्हणजे झित्रू मडावी, माझे मोठाबा, माझ्या बापाचे थोरले भाऊ.

माझे आईबाप मी दुपट्यात असतानाच गेले. या बिनलग्नाच्या माणसानं मला खांद्यावर घेऊन नांगर धरला, शाळेत घातलं, एम.ए. केलं. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं की म्हणत, बैल ऐकत नाही, बायको काय ऐकन. माणूस तिरसट होता, पण मला ताप आला की रात्रभर पायाशी बसून राहायचा. अशा माणसाचा शब्द मोडून लग्न करण्याचं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणजे सगळा प्रश्न त्यांच्या ओठावरच्या एका आकड्याचा होता आणि तो आकडा ते भातासारखा चावून गिळत होते.

खरं तर या सगळ्याला जिल्हाच जबाबदार होता. जिल्ह्याच्या वाढदिवसानिमित्त एक जाडजूड ग्रंथ काढायचं ठरलं होतं आणि त्यातलं पहिलं प्रकरण, ‘जिल्ह्याचा प्राचीन इतिहास व आदिम जमाती’, आमच्या प्राचार्यांनी माझ्या गळ्यात मारलं. मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत असे. गोंडाचा पोरगा आहे, घरबसल्या लिहून टाकील, असा त्यांचा हिशेब. मी आपला प्रामाणिकपणे कामाला लागलो. माणिकगडावर चढलो, नाग राजांच्या काळचं नागाचं शिल्प पाहिलं, माना लोकांच्या म्हाताऱ्यांकडून त्यांच्या राजांच्या गोष्टी ऐकल्या. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन आलो. कोलाम सगळ्यांच्या आधीचे, म्हणून आमच्याकडे शिवेच्या देवाला अजून त्यांच्याच हातून नारळ फोडून घेतात. तोवर सगळं शिस्तीत चाललं होतं. मग कोणीतरी सांगितलं की नदीपलीकडे सावरगुड्यात एक म्हातारी आहे, तिला जुनी गाणी येतात.

पैनगंगा डोंग्यानं ओलांडून मी पलीकडे, म्हणजे तेव्हाच्या आंध्रात, उतरलो. आश्रमशाळेत चौकशी केली तर एक बाई वर्गाबाहेर आल्या, हाताला खडू लागलेला. “माझी आजीच ती,” म्हणाल्या. “चला, सोडते. पण सर, जपून बसा तिच्याकडे.”

जपून म्हणजे काय ते मला कळलं नाही. मी सुगंधाकडेच बघत होतो, अर्थ कळायला डोकं जागेवर लागतं.

म्हातारीचं नाव मानकूबाई. सुगंधाच्या आज्याची धाकटी बहीण. विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेली आणि भाऊ गेल्यावर घराची सगळी सूत्रं हातात घेतलेली. गालात तंबाखू. तिनं मला कोणाचा, कुठला ते विचारलं. झित्रू मडावींचा पुतण्या म्हटल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बस ना बापा,” आणि एक पाट पुढे सरकवला. मी बसलो आणि सरळ मागे कोलमडलो. पाटाचा एक पाय नुसताच टेकवून ठेवलेला होता. माझी पिशवी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. सगळं घर पोट धरून हसलं. मग चहा आला, त्यात मीठ. मी तोही प्यालो, कारण समोर सुगंधा उभी होती आणि ओढणीत तोंड लपवून हसत होती.

परत नदीपर्यंत सोडायला ती आली तेव्हा मी विचारलं, “आजी सगळ्या पाहुण्यांना असंच करतात का?”

“नाही हो,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात कुमरे गुरुजी आले होते, त्यांना साधा चहा दिला. तुमचं काहीतरी वेगळं आहे.”

मला वाटलं, आपल्या चेहऱ्यातच काहीतरी असेल. डोंग्यात बसून इकडच्या काठाला येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. नावाडी मला म्हणाला, “गुरुजी, डोंगा हलून राहिला, हसणं कमी करा.”

त्यानंतर जिल्ह्याचा सगळा प्राचीन इतिहास नदीपलीकडेच असल्याचं माझ्या लक्षात आलं. दर रविवारी मी तो गोळा करायला जाऊ लागलो. मानकूबाई एक गाणं सांगायची आणि माझ्या चपलेत गोखरू टाकायची. सुगंधा गाण्याचा अर्थ लावून द्यायची आणि मग आम्ही दोघं नदीकाठच्या वाळूत बसून गोखरू काढायचो. एकदा मी तिला नागांपासून आपल्यापर्यंतचा सगळा कालक्रम वाळूत काढून दाखवला. ती म्हणाली, “आणि यात तुम्ही कुठं?” मी म्हणालो, “तुझ्याशेजारी.” एवढं धाडस मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही क्वचितच केलं. ती उठून गेली नाही. मी सुखानं वेडा झालो होतो, दुसरा शब्द नाही. वर्गात हजेरी घेताना मी एका मुलाचं नाव दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा तो “हजर” म्हणाला, तर मी त्याला शाबासकी दिली.

प्रकरणाचा कच्चा मसुदा वाचून प्राचार्यांनी मला बोलावलं. “मडावी, छान झालंय. फक्त नाग राजांना दीड पान आणि कोवे कुळाला अकरा पानं, हे जरा जास्त होतंय. हे कोवे एवढे कोण लागून गेले?” मी म्हणालो, संशोधन चालू आहे, सर.

आणि हे संशोधन “सात” या एका शब्दावर येऊन आपटलं.

मी मोठाबांना सोडलं नाही. त्यांच्यामागे शेतात गेलो, गोठ्यात गेलो. कोवे उत्तरेकडून वर्धा नदीच्या कडेनं आले आणि मडावी पूर्वेकडून, दोघांच्या वाटाच वेगळ्या, मग देव एक कसे, असं मी पुराव्यासह मांडलं. मोठाबा बैलाची पाठ खरवडत ऐकून घ्यायचे आणि शेवटी बैलालाच सांगायचे, “सात.” का, असं विचारलं की म्हणायचे, “माह्या बापानं सांगतलं.” आजोबा जाऊन जमाना झाला होता, त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि कोव्यांचं नाव काढलं की मोठाबांच्या कानशिलाची शीर उडायला लागायची. नुसत्या आकड्यासाठी माणसाला एवढा राग कसा येतो, ते मला उमगत नव्हतं.

सुगंधाला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, “मग आता मी तुम्हाला राखी बांधू का?” आणि हसायला लागली, आणि हसताहसता तिनं माझी बाही घट्ट धरली. तेव्हा मी ठरवलं की हा आकडा पंचांपुढे न्यायचा.

पौषात आमच्याकडे देवाची पूजा असते. त्या दिवशी सगळे भाऊबंद गावात गोळा होतात, सोयरेही येतात. गावपाटील बाजीराव तुमराम. तुमराम चारदेवे, म्हणजे आमचेही सोयरे आणि कोव्यांचेही, कोणत्याही हिशेबानं. मी त्यांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कोव्यांनाही बोलावणं धाडलं. मोठाबांना हे कळलं ते थेट पूजेच्या दिवशी, कोव्यांच्या दोन बैलगाड्या गावात शिरल्या तेव्हा. पहिल्या गाडीत पुढे मानकूबाई बसली होती. मोठाबांनी तिकडे एकदा पाहिलं आणि ते चिंचेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पाठ करून बसले.

दुपारी जेवणाआधी चिंचेखाली बैठक भरली. एका अंगाला आम्ही मडावी, समोर कोवे, मध्ये पाटील आणि त्यांच्या शेजारी हनमंतू पाटाडी, म्हणजे आमच्या कुळांचं गाणं गाणारा प्रधान जमातीचा माणूस, मांडीवर किकरी नावाचं तंतुवाद्य घेऊन. कोव्यांची तरुण पोरं फार खुशीत होती. सुगंधाचा भाऊ तर सारखा कोपरानं शेजाऱ्याला ढोसत होता. सुगंधा बायकांमध्ये मागे बसली होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते जमत नव्हतं.

पाटलांनी आधी हनमंतूला विचारलं. हनमंतूनं किकरी लावली आणि गुहेपासून सुरुवात केली. देव कोंडलेले, दगड लोटलेला, लिंगो आला, दगड सरला. आम्ही सगळे डोलायला लागलो. चारदेवे झाले, पाचदेवे झाले, मडाव्यांचं कूळ आलं तेव्हा आमच्या बाजूनं आरोळीही उठली. आणि कोव्यांपाशी येऊन किकरी थांबली. “कोव्यायचं गाणं माह्यापाशी नाही,” हनमंतू म्हणाला. “त्यायचा पाटाडी वेगळा होता. तो गेला, संगं गाणंबी गेलं.”

मग मी उभा राहिलो. ही माझी घडी आहे असं मला वाटत होतं. मी नागांपासून धरलं, मानांच्या किल्ल्यांवर आलो, कोलामांचा मान सांगितला, गोंड कुळं कोणकोणत्या नद्यांच्या काठानं या जिल्ह्यात उतरली ते हातवारे करून दाखवलं. बोलता बोलता मला एवढा चेव चढला की मी चिंचेच्या फांद्यांनाच नद्या केलं. “म्हणून माझं म्हणणं असं,” मी शेवटी घाम पुसत म्हणालो, “की कोवे कूळ हे स्वतंत्र शाखेनं आलं.”

एक म्हातारी म्हणाली, “बोलते चांगला. पण देव किती ते नाही सांगतलं यानं.”

पोरांमध्ये हशा पिकला. मी बसलो. सुगंधानं कपाळाला हात लावलेला मला दिसला.

पाटील मोठाबांकडे वळले. मोठाबा अजून पाठ करूनच होते. “झित्रू, तू सात म्हणते. तुले कोणं सांगतलं?”

“माह्या बापानं.”

“अन् तुह्या बापाले कोणं?”

तेवढ्यात सुगंधाचा भाऊ पुन्हा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजला आणि दोघं फिसकन हसले. मोठाबा गर्रकन फिरले. कानशिलाची शीर उडत होती.

“हसा,” ते म्हणाले. “हसाची सवयच हाये त्या घराले. तुह्या आज्यानं, जैतूनं, साऱ्या मांडवाले हसवलं होतं माह्यावर. नव्या धोतराच्या सोग्याले बोकड बांधला होता माह्या. अन् त्या घरची पोरगी मी सून करून आणू?”

बोकड म्हटल्याबरोबर सगळे सावरून बसले. देवांचा हिशेब ऐकून लोक पेंगुळले होते, पण बोकडाची गोष्ट कोण सोडतो. पाटलांनी पान चघळत अगदी सहज विचारलं, “बोकड? काऊन बापा?”

इतकी वर्षं मोठाबांनी ते कोणालाच सांगितलं नसावं, कारण एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबताच येईना. पहिल्यांदा नेसलेलं मलमली धोतर, डोक्याला गुलाबी फेटा. अंगणात खाटेवर बसवलं होतं. जैतू मागून आला, गोडगोड बोलला, पान दिलं, आणि बोलता बोलता सोग्याला दोर बांधला. मग कोणीतरी खाटेपलीकडे पाला दाखवला आणि बोकड निघाला. बोकडासंगं धोतर निघालं. मोठाबा धोतर धरायला गेले तर बोकड बिचकून मांडवात शिरला. मांडवभर माणसं, आयाबाया, सगळे हसून लोळत होते. मोठाबा सांगत होते संतापानं, पण हातानं धोतर कसं धरलं होतं ते दाखवत होते, आणि इकडे मडावीसुद्धा तोंडात उपरणं कोंबून बसले होते.

“भावाले कोणी असं करते?” मोठाबांनी शेवटी विचारलं. “सांगा. सख्ख्या भावाले कोणी बोकड बांधते?”

“नाही करत,” पाटील म्हणाले. “भावाची थट्टा नाही करत कोणी. सोयऱ्याची करते. म्हणूनच इचारून राहिलो. हे झालं कोठी?”

“सावरगुड्याले. यायच्या अंगणात.”

“अन् तू नवं धोतर नेसून यायच्या अंगणात कायले गेल्ता?”

“पोरगी पाहाले,” मोठाबा म्हणाले.

आणि थांबले.

मी हळूहळू आजूबाजूला बघितलं. एकेका चेहऱ्यावर ते उजाडत होतं. हनमंतूच्या तोंडाचा आ झाला होता. कोव्यांची पोरं हसायचंही विसरली होती. सातदेव्या पोराला सातदेव्यांच्या घरी पोरगी बघायला कोणी धाडत नाही, आणि मोठाबांना बापानं एकट्यालाच धाडलं होतं, म्हणजे बापाला तेव्हा कोवे सहाचेच ठाऊक होते.

“झित्रू,” पाटील अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुह्या बापाले सात कोणं सांगतलं?”

उत्तर द्यायची गरजच नव्हती. त्या दिवशी ते धोतर सावरत नदी उतरून घरी आले असणार. बापानं विचारलं असणार, पोरगी पसंत पडली का. बोकडानं फजिती केली असं मोठाबा मेले तरी सांगणार नव्हते. त्यांनी सांगितलं, कोवे निघाले सातदेवे, आपले भाऊबंदच. बापानं विश्वास ठेवला, गावानं ठेवला, आणि एवढ्या वर्षांत आमच्या गावातून त्या गावात एकही वरात गेली नाही. मी नद्या, किल्ले आणि नाग राजे धुंडाळत हिंडलो होतो. आमच्या खोऱ्याचा इतिहास एका बोकडानं फिरवला होता.

मग जो हशा उठला तो कसा सांगू. दोन्ही बाजू एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. पाटलांचं पान बाहेर आलं. मी पण हसत होतो, सहा, सहा, सहा, असं कोणीतरी आत नाचत होतं. आणि मग माझं लक्ष मोठाबांकडे गेलं आणि माझं हसू जागच्या जागी मेलं. ते उभे होते, मान खाली, हात अजून धोतराच्या सोग्यावर. ते आता चालायला लागतील, घरी जातील, दार लावतील आणि मरेपर्यंत सातच म्हणतील, हे मला स्पष्ट दिसलं. माणूसच तसा होता. बैठक काहीही ठरवो, त्यांच्या तोंडून आकडा आल्याशिवाय मी लग्न करणार नव्हतो. ते सुगंधालाही ठाऊक होतं, तीही उठून उभी राहिली होती.

मोठाबांनी पाऊल उचललं.

“मीबी हसली होती त्या दिवशी,” मानकूबाई म्हणाली.

मोठाबा थांबले, पण वळले नाहीत.

“तुले पाहाले बोलावलं होतं ते मलेच,” ती म्हणाली. “मी कुडाच्या फटीतून पाहत होती. समदे बोकडाले हसत होते. तू धोतर धरलं एका हातानं, फेटा पडला खाली, अन् तशा हालातबी तू पयले जाऊन माह्या बापाच्या पाया पडला. मंग पळाला. तवा हसली मी. म्हटलं, हाच पाह्यजे मले.”

मोठाबांची पाठ आम्हाला दिसत होती. ती कितीतरी वेळ हलली नाही. कोव्यांकडचं एक लेकरू काहीतरी विचारायला लागलं, त्याला आईनं दाबलं.

“झित्रू,” पाटील म्हणाले, “देव किती?”

मोठाबा काहीतरी पुटपुटले.

“आयकू नाही आलं.”

“सहा,” मोठाबा मोठ्यानं म्हणाले आणि आमच्याकडे वळले. डोळे लाल झाले होते. “सहा देव हायेत कोव्यायचे. सातवा मी घातला.”

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. ढोल वाजायला लागले हे आठवतं. सोयरे ठरल्याबरोबर कोव्यांच्या पोरांना इतक्या वर्षांची थकलेली थट्टा एकाच दुपारी वसूल करायची होती. सुगंधाचा भाऊ स्वयंपाकाच्या चुलीवरून हंड्यांच्या बुडाची काजळी ओंजळीनं खरवडून घेऊन आला आणि त्यांनी मला धरून ती कानापर्यंत फासली. आमच्या पोरांनी त्यांना धरलं. हनमंतू गाण्यात कोव्यांचं कडवं नव्यानं जुळवत होता आणि त्यात बोकड घालू का म्हणून जो भेटेल त्याला विचारत होता. सुगंधा जवळ आली, माझ्या काळ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “राखी राहिली ती राहिलीच,” आणि ओढणीच्या टोकानं माझा चष्मा पुसून दिला. त्या क्षणी मला कोणी जिल्ह्याचा प्राचीन इतिहास विचारला असता तर मी तो नाचून दाखवला असता.

पंगत बसायच्या वेळेला मी मोठाबांना शोधायला गेलो. ते चिंचेच्या मागच्या अंगाला मुळीवर बसले होते. शेजारच्या मुळीवर मानकूबाई. दोघंही समोर नदीकडे बघत होते. मी पुढे गेलो नाही.

“एखादा निरोप तरी धाडाचा,” मोठाबा म्हणत होते.

“धाडला होता. जैतूच घेऊन आल्ता तुह्या घरी. तू वावरात होता. तुह्या बापानं सांगतलं, आता काही होत नाही, आपण बहीण-भाऊ निघालो.”

मोठाबांनी हातातली चिंचेची काडी मोडली. मग ती पुन्हा मोडली. शेवटी मोडायला काही उरलं नाही तेव्हा ते म्हणाले, “मले हे नाही सांगतलं कोणं.”

“सांगून काय करता. बहिणीचा निरोप.”

मागे पोरांचा गोंधळ चालूच होता. मग मानकूबाईनं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. तळवा काजळीनं भरला होता. कधी जाऊन तिनं तो चुलीवरच्या हंड्याला लावून आणला होता कोण जाणे.

“आता सहा म्हणला ना तू,” ती म्हणाली.

मोठाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.